आधी सुई, मग सुरी : स्तनातल्या गाठीचे एक प्रकरण

(रुग्णाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

शैलाताई ४३ वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी घरीच ब्लाउज शिवतात. यजमानांची पिठाची गिरणी आहे. दोन मुले, दोघांनाही अंगावर पाजलेले. पाळी नियमित, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. रेशनकार्ड केशरी.

फेब्रुवारीत आंघोळ करताना डाव्या स्तनात, बाहेरच्या वरच्या भागात, त्यांच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती. पाळी येऊन गेल्यावर जाईल म्हणून एक महिना थांबल्या. गेली नाही, तेव्हा जवळच्या दवाखान्यात दाखवले. तिथे व्हिटॅमिन ई आणि इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल दोन महिन्यांसाठी मिळाल्या. ‘दुखत नाही ना? मग साधीच असणार,’ असे सासूबाईंचे, जावेचे आणि गल्लीतल्या सगळ्यांचेच म्हणणे पडले.

हा समज उलटा आहे, आणि त्यापायी फार वेळ जातो. पाळीच्या आधी दोन्ही स्तन भरून येणे, ठणकणे, हाताला गुठळ्या लागणे हे बहुतेक वेळा हार्मोनच्या चढउतारामुळे असते. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून कोणी घाई करत नाही.

मेच्या सुरुवातीला त्या तालुक्यातल्याच एका सर्जनकडे गेल्या. त्यांनी दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा तपासल्या. गाठ साधारण अडीच सेंटिमीटर, कडक, कडा अस्पष्ट. आजूबाजूच्या भागासकट हलत होती, पण सुटी सरकत नव्हती. त्याच भेटीत बारीक सुईने पेशी काढून एफएनएसी केली आणि मॅमोग्राफी-सोनोग्राफीची चिठ्ठी दिली.

गाठ कशाची असू शकते?

वयावरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. पंधरा ते तीस वयाच्या मुलींमध्ये रबरासारखी, गोल, बोटाखालून सटकणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअॅडेनोमा निघते. ती लहान असेल, वाढत नसेल आणि तपासणीत शंका नसेल तर काढावी लागत नाही. पस्तीस ते पन्नास वयात पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, बऱ्याच दिसतात. सोनोग्राफीत साधी दिसणारी सिस्ट दुखत असेल तरच सुईने रिकामी करायची. पाणी काढल्यावर गाठ पूर्ण बसली पाहिजे आणि पाण्यात रक्त नसले पाहिजे.

बाळंतिणीच्या स्तनात लाल, गरम, ताप आणणारी गाठ झाली तर गळूचा विचार करायचा. तिथेही हल्ली थेट चीर न देता सोनोग्राफीखाली सुईने पू काढतात, गरज पडली तर दोन-तीनदा, आणि बाळाला पाजणे चालू ठेवतात. आपल्याकडे आणखी एक गोंधळ वारंवार होतो. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची सूज हुबेहूब कर्करोगासारखी किंवा क्षयासारखी दिसते, आणि क्षयाचा पुरावा नसताना नुसत्या ग्रॅन्युलोमावर (सुजेमुळे जमलेल्या पेशींच्या पुंजक्यावर) सहा-नऊ महिने क्षयाची औषधे चालू राहतात. त्या तुकड्याची जीन-एक्स्पर्ट आणि कल्चर या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासण्या व्हायला हव्यात.

शैलाताईंच्या वयाला आणि गाठीच्या स्पर्शाला यातले काहीच नीट जुळत नव्हते.

अडचण : दोन रिपोर्ट, दोन दिशा

एफएनएसीचा रिपोर्ट आधी आला. शेवटची ओळ होती, ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ घरात पेढे आले. त्याच रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहिले होते की स्लाइडवर पेशी फार थोड्या आहेत, बहुतांश रक्त आहे. म्हणजे तो रिपोर्ट ‘साधी गाठ’ असे सांगतच नव्हता, नमुना अपुरा आहे एवढेच सांगत होता. बारीक सुई गाठीच्या कडेला लागली, किंवा गाठ तंतुमय असल्याने पेशी सुटल्याच नाहीत, की असे होते. हाताने चाचपून, सोनोग्राफीशिवाय घेतलेल्या एफएनएसीत हा धोका जास्त.

नऊ दिवसांनी मॅमोग्राफी झाली. गाठीच्या कडांना काटे फुटल्यासारख्या रेषा, आत आणि भोवती बारीक, वेड्यावाकड्या आकाराचे कॅल्शियमचे कण, एकूण पसारा ३.२ सेंटिमीटर. सोनोग्राफीत काखेतल्या एका लसिका गाठीचे (लिम्फ नोडचे) बाहेरचे आवरण ५ मिलिमीटर जाड (३ च्या वर गेले की संशय घ्यायचा). शेरा : बाय-रॅड्स ४ सी (चित्रात संशय किती आहे, याची श्रेणी).

या आकड्यांचा अर्थ घरच्यांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे देतो. बाय-रॅड्स १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे नक्की साधे. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ४ चे तीन भाग आहेत : ए म्हणजे २ ते १० टक्के, बी १० ते ५०, सी ५० ते ९५. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. ४ पासून पुढे तुकडा तपासल्याशिवाय थांबायचे नसते.

हाताची तपासणी, चित्र आणि सुई या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हाच निकालावर विसंबायचे. इथे हात म्हणत होता शंका, चित्र म्हणत होते दाट शंका, आणि सुई म्हणत होती काही सापडले नाही. अशा वेळी सुईचा रिपोर्ट बाजूला ठेवावा लागतो.

पहिला निर्णय : काढायची, थांबायचे की पुन्हा सुई?

घरच्यांचा कल गाठ काढून टाकण्याकडे होता. अर्ध्या तासात, जागेवर भूल देऊन, दुसऱ्या दिवशी घरी. दिराने तर मुहूर्तही काढून आणला होता. दुसरे मत होते की रिपोर्ट चांगला आला आहे तर तीन महिने थांबावे. तिसरा मार्ग कोअर बायोप्सीचा : जाड सुईने गाठीचे तुकडे काढायचे, गाठ जागेवरच ठेवायची.

सर्जनने तिसरा मार्ग सुचवला तेव्हा घरात भीती उठली. ‘सुई लावली की गाठ चिघळते, कॅन्सर अंगभर पसरतो.’ ही भीती घरोघर आहे. तिला झिडकारून उपयोग नसतो, उत्तर द्यावे लागते. सुईच्या वाटेत काही पेशी सांडू शकतात, पण त्यातून आजार शरीरभर पसरतो असे इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेले नाही, आणि पुढच्या ऑपरेशन-रेडिएशनमध्ये तो भाग येतोच. सर्जन म्हणाले, “ताई, गाठ कशाची आहे ते न कळता मी ती काढली, तर किती काढायची हेही मला कळणार नाही.”

मुद्दा तिथेच होता. कर्करोग असताना साधी समजून गाठ काढली की कडेला आजार राहतो. चीर चुकीच्या दिशेला पडते, आणि पुढच्या ऑपरेशनमध्ये ती जखमही काढावी लागते, म्हणजे स्तनाचा जास्त भाग जातो. काखेचा विचारच झालेला नसतो. शिवाय गाठ गेली की औषधाने ती विरघळते का हे पाहण्याची संधी कायमची जाते. शैलाताईंच्या बाबतीत या शेवटच्या गोष्टीनेच पुढचे वर्ष ठरवले.

कोअर बायोप्सी जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीखाली झाली. २ टक्के लिग्नोकेनने त्वचा आणि आतली वाट बधिर केली, दोन-तीन मिलिमीटरची चीर दिली आणि १४ गेजच्या सुईने पाच तुकडे घेतले. सुई सोडणाऱ्या बंदुकीसारख्या यंत्राचा ‘खट्’ आवाज होतो. तो आधीच एकदा ऐकवला की रुग्ण दचकत नाही आणि सुई सरकत नाही. नंतर दहा मिनिटे दाबून धरले. काखेतल्या गाठीतून त्याच बैठकीत बारीक सुईने पेशी घेतल्या.

तुकडे कशात ठेवले हे फार महत्त्वाचे. १० टक्के बफर्ड फॉर्मालिन, तुकड्यांच्या दसपट तरी, आणि तुकडा निघाल्याबरोबर लगेच. सलाइनच्या बाटलीत किंवा स्पिरिटमध्ये टाकून एसटीने पाठवलेला नमुना हार्मोन आणि हर-टू (कर्करोगाच्या पेशींची वाढ करणारे एक प्रथिन) यांच्या तपासणीला दगा देतो. फॉर्मालिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. म्हणून शनिवारी दुपारी बायोप्सी घेऊन बाटली मंगळवारपर्यंत पडू देणे टाळायचे. बाटलीवर तुकडा घेतल्याची वेळ लिहायची. त्या दिवशी ती लिहिली होती.

निकाल : इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमा (दूधनलिकेतून बाहेर घुसलेला कर्करोग), ग्रेड ३. इआर शून्य, पीआर शून्य (म्हणजे हार्मोनवर वाढणारा प्रकार नाही), हर-टू ३+. काखेतल्या गाठीतही कर्करोग.

दुसरा निर्णय : आधी ऑपरेशन की आधी औषध?

हर-टू २+ आले असते तर खात्रीसाठी फिश ही जनुकांची तपासणी करावी लागली असती. ३+ म्हणजे स्पष्ट होकार. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या प्रकारचे असतात. तो वेगाने वाढतो, पण त्यावर थेट मारा करणारे औषध, ट्रास्टुझुमॅब, उपलब्ध आहे. काखेत गाठ असल्यामुळे छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन केला. दुसरीकडे आजार नव्हता. टप्पा दोन-बी.

शैलाताईंचा पहिला प्रश्न होता, “उद्याच काढता येणार नाही का?” अंगात कर्करोग घेऊन सहा महिने वावरायचे ही कल्पना कोणालाही सोसवत नाही. त्यांना समोर बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. आधी ऑपरेशन केले तरी नंतर केमो आणि ट्रास्टुझुमॅब लागणारच, औषधे तीच. आधी औषध दिले तर गाठ लहान होऊन स्तन वाचण्याची शक्यता वाढते. आणि ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण विरघळली आहे की काही उरली आहे हे दिसते. उरली असेल तर पुढचे औषध बदलता येते. पूर्ण गाठ आधीच काढलेल्या रुग्णाला ही माहिती मिळतच नाही.

केमो आधी ठरली. सुरू होण्यापूर्वी स्तनातल्या गाठीत सोनोग्राफीखाली टायटॅनियमची छोटी क्लिप ठेवली, कारण औषधाने गाठ नाहीशी झाली तर सर्जनला जागा कशी सापडणार? काखेतल्या गाठीत मात्र क्लिप ठेवली गेली नाही. त्याचा परिणाम पुढे दिसला.

इको केला (हृदयाची क्षमता ६३ टक्के), हिपॅटायटिस बी तपासला, दात दाखवले. वय पन्नासच्या आत म्हणून बीआरसीए (आनुवंशिक दोषाची) तपासणीही झाली, ती निगेटिव्ह आली. उजव्या बाजूला केमो पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवायची छोटी डबी, बसवला. पहिल्या चार डोसांमधले लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर झिरपले तर कातडी जळते. हाताच्या बारीक शिरांवर तो धोका घेऊ नये.

औषधाचे सहा महिने

दर तीन आठवड्यांनी डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइडचे चार डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे बारा, आणि त्यांच्यासोबत दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब दोन्ही हृदयावर ताण आणतात, म्हणून ती एकत्र देत नाहीत.

पर्टुझुमॅब हे दुसरे हर-टू औषध जोडायचे का, यावर चर्चा झाली. निओस्फिअर चाचणीत ते जोडल्यावर स्तनातली गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर गेले होते. कुटुंबाला तो खर्च झेपणारा नव्हता. ट्रास्टुझुमॅब न चुकता पूर्ण करायचे आणि पैसा पुढच्या टप्प्यासाठी राखायचा, असे ठरले. अर्धवट परवडणारे महागडे औषध सुरू करून मध्येच थांबवण्यापेक्षा हा निर्णय बरोबर होता.

दुसऱ्या डोसनंतर दहाव्या रात्री १०१ ताप आला. शेजारच्यांनी तापाची गोळी देऊन सकाळी जा म्हटले. हॉस्पिटलने दिलेल्या कार्डावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिले होते : १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, तर गोळी न घेता तासाभरात या. यजमान रात्रीच जीप काढून निघाले. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३०० निघाले, म्हणजे फारच कमी. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू झाले, पाच दिवसांत घरी. डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा गोळीने ताप दबतो, जंतुसंसर्ग दबत नाही. पुढच्या दोन डोसांनंतर चोवीस तासांनी पांढऱ्या पेशी वाढवणारे पेगफिलग्रास्टिमचे इंजेक्शन दिले.

पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या आठवड्यात बोटांची टोके बधिर व्हायला लागली. त्यांनी ते सांगितले नव्हते. नर्सने बोटावरचा भाजल्याचा फोड पाहिला तेव्हा कळले : भाकरी उलटताना तवा लागला आणि जाणवलाच नाही. हातशिलाई करताना सुई बोटात किती गेली हेही समजत नव्हते. डोस थोडा कमी केला, भाकरीला उलथने वापरायला सांगितले आणि हुक लावण्याचे काम नणंदेकडे दिले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटांची संवेदना ही तिची कमाई असते. पहिल्या दिवसापासून दर आठवड्याला ‘शर्टाचे बटण लावता येते का?’ एवढे विचारले असते तरी हे आधी लक्षात आले असते.

पैशाची बाजू

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन आणि रेडिएशनची पॅकेजे बसली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. उपयोगी पडलेली गोष्ट ही की पहिल्याच आठवड्यात आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड आणि आधार दाखवून नावाचे स्पेलिंग जुळवून घेतले. शैलाताईंच्या आधारवर माहेरचे मधले नाव होते. पूर्व-मंजुरी त्यावर अडली असती तर डोस लांबला असता. कोणते औषध पॅकेजमध्ये आहे, कोणते नाही, हे उपचार सुरू होण्याआधी विचारून घ्यावे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटायचे.

तिसरा निर्णय : किती काढायचे?

केमोअखेर गाठ हाताला लागत नव्हती. घरच्यांनी विचारले, मग ऑपरेशन कशाला? हाताला न लागणे म्हणजे आजार संपणे नव्हे, ते काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि कॅल्शियमचे कण औषधाने विरघळत नाहीत. मॅमोग्राफीत ते जिथवर दिसतात तिथवरचा भाग काढावाच लागतो.

स्तन वाचवण्याचे ऑपरेशन झाले. सकाळी मॅमोग्राफीखाली क्लिपपर्यंत बारीक तार घातली, तारेच्या मागोमाग भाग काढला. काढलेल्या तुकड्याला रेशमी दोरे लावले : वर आखूड, बाहेरच्या बाजूला लांब. पॅथॉलॉजिस्टला कोणती कड कुठली हे यावरूनच कळते. दोरे नसतील आणि एका कडेला आजार निघाला, तर पुन्हा कुठे कापायचे हे कोणीच सांगू शकत नाही. तुकड्याचा लगेच एक्स-रे काढला. क्लिप आणि कण दोन्ही आत होते.

टाटा मेमोरियल आणि इतर भारतीय केंद्रांतली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठीभोवती ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटे आधी ०.५ टक्के लिडोकेन (लिग्नोकेनचेच दुसरे नाव) टोचल्यावर पाच वर्षांनंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तो आपल्याच देशात तपासला गेला याचे मोल फार आहे. पण ती चाचणी आधी केमो न घेतलेल्या रुग्णांवर होती, म्हणून शैलाताईंच्या निर्णयात ती मोजली नाही.

काखेचा प्रश्न अवघड गेला. केमोआधी आजार असलेली नेमकी गाठ क्लिपवरून शोधून, तिच्यासोबत दोन-तीन सेंटिनल गाठी (आजार सर्वांत आधी जिथे पोचतो त्या) काढल्या असत्या तर पुरले असते. क्लिप नव्हती. निळा रंग टोचल्यावर एकच गाठ सापडली, आणि एका गाठीवर विसंबणे धोक्याचे. सर्जनने काखेतल्या पहिल्या दोन पातळ्यांवरच्या गाठी काढल्या.

रिपोर्ट : स्तनात ६ मिलिमीटर कर्करोग शिल्लक, कडा मोकळ्या. काखेत १४ पैकी शून्य; एका गाठीत आजार बरा झाल्याचा वण.

चौथा निर्णय : शिल्लक ६ मिलिमीटर

घरच्यांना सहा मिलिमीटर म्हणजे यश वाटले, आणि ते होतेही. पण हर-टू प्रकारात काही शिल्लक राहिले तर आजार परतण्याची शक्यता पूर्ण विरघळलेल्यांपेक्षा जास्त असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन चाचणीत अशाच रुग्णांना ट्रास्टुझुमॅब चालू ठेवण्याऐवजी टी-डीएम१ (ट्रास्टुझुमॅबला केमोचे औषध जोडलेले) दिले. तीन वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण ७७ वरून ८८.३ टक्क्यांवर गेले.

दर तीन आठवड्यांनी चौदा डोस. भारतात तयार होणारे बायोसिमिलर (मूळ औषधासारखेच, पण स्वस्त) आल्यामुळेच हा विचार शक्य झाला. योजनेत ते बसले नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, एक ट्रस्ट आणि गिरणीवरचे कर्ज यांतून रक्कम उभी राहिली. पर्टुझुमॅबवर न घातलेला पैसा इथे कामी आला.

त्याच काळात रेडिएशन झाले : १५ दिवस ४० ग्रे, वर गाठीच्या जागी पाच दिवस बूस्ट, म्हणजे जादा मात्रा. डावी बाजू असल्याने श्वास भरून, वीसेक सेकंद रोखून धरायला शिकवले. छाती फुगली की हृदय मागे सरकते. काखेत आता आजार नव्हता. अशा रुग्णांत गळ्याजवळच्या भागाला रेडिएशन देऊन फायदा दिसत नाही, हे बी-५१ चाचणीतून २०२३ च्या अखेरीस पुढे आले होते, म्हणून तो भाग सोडला.

निष्पत्ती

ऑपरेशनला अठरा महिने झाले. आजार नाही. हृदयाची क्षमता सर्वांत खाली ५६ टक्क्यांपर्यंत गेली, आता ६० आहे. टी-डीएम१ च्या नवव्या डोसला प्लेटलेट उतरल्याने एक आठवडा थांबावे लागले. बोटांची बधिरता पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली नाही. मशीन चालवतात, हातशिलाई टाळतात. डावा हात संध्याकाळी किंचित सुजतो. मनगटावर आणि कोपरावर दर महिन्याला टेप लावून माप वहीत लिहितात. उजव्या हातापेक्षा २ सेंटिमीटर जास्त भरले तर फिजिओथेरपिस्टकडे जायचे ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिले दोन महिने कॅप्सूलमध्ये गेले. चाळिशीच्या बाईला नवी, कडक, एकाच बाजूची गाठ असेल तर गोळ्या देऊन वाट पाहण्यासारखे काही नसते. पाळीनंतर एकदा पुन्हा पाहायचे असेल तर ठीक, पण तारीख देऊन आणि मॅमोग्राफीची चिठ्ठी हातात ठेवूनच.

मॅमोग्राफी सुईच्या आधी व्हायला हवी होती. सुईमुळे आत रक्त साकळते आणि चित्र धूसर होते. इथे रेडिओलॉजिस्ट अनुभवी होते म्हणून निभावले. आणि थेट कोअर बायोप्सी झाली असती तर एफएनएसीचा खर्च, वाट पाहण्याचे दिवस आणि पेढे, सगळेच टळले असते. एफएनएसी वाईट तपासणी नाही; काखेच्या गाठीत तिनेच काम केले. पण स्तनातला कर्करोग आजूबाजूला घुसला आहे की नलिकेतच आहे हे ती सांगू शकत नाही.

काखेतल्या गाठीत क्लिप न ठेवणे ही या प्रकरणातली सर्वांत महाग पडलेली उणीव. १४ पैकी शून्य हा आकडा आनंदाचा आहे, पण त्या सगळ्या गाठी काढाव्या लागल्या नसत्या, आणि हाताची सूज बहुधा टळली असती. क्लिप मिळत नसेल तर काही केंद्रांत त्या गाठीवर कार्बनची शाई टोचतात. केमो सुरू होण्याआधी सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि ऑन्कोलॉजिस्ट यांनी दहा मिनिटे एकत्र बसून हे ठरवायचे असते. इथे ते फोनवर, दोघा-दोघांत झाले आणि काख निसटली.

गाठ आधी सापडली असती का? शासनाच्या कार्यक्रमात तिशीनंतरच्या बायकांची प्रशिक्षित हातांनी स्तन तपासणी अपेक्षित आहे. शैलाताईंची ती कधीच झाली नव्हती. मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षे चाललेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकेने हाताने तपासल्यावर आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, त्यामुळे शैलाताईंच्या बाबतीत नेमके काय घडले असते ते सांगता येत नाही. पण त्यांच्या सासूबाई ७१ च्या आहेत, मोठी जाऊ ५४ ची. दोघींना मागच्या महिन्यात उपकेंद्रावर नेऊन तपासून आणले.

पुढचे वेळापत्रक : तीन वर्षे होईपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी. दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करू का, असे घरचे विचारतात. लक्षण नसताना त्याने आयुष्य वाढत नाही, पैसा आणि झोप तेवढी जाते. सतत दुखणारे हाड, न थांबणारा खोकला, कावीळ, नवी डोकेदुखी, फिट, किंवा व्रणाजवळ नवी गाठ यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचे. ही यादी फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे, आणि तिच्याच मागे बायोप्सीच्या ब्लॉकचा (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याचा) नंबर. आजार परतलाच तर जुना तुकडा नव्याच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो, आणि ब्लॉक कुठल्या प्रयोगशाळेत आहे हे तेव्हा आठवत बसायला वेळ नसतो.